जॉन ट्रॅव्होल्टाचा 'आय ॲम रॅथ': सूडकथा नेमकी कुठे कोसळते?

तुकोगंजकर (इंदूर)

२०१६ सालचा 'आय ॲम रॅथ' हा जॉन ट्रॅव्होल्टाचा चित्रपट परवा पाहण्यात आला. चित्रपट वाईट आहे एवढेच सांगायचे असते तर धागा काढला नसता. वाईट चित्रपट दर शुक्रवारी येतात आणि जातात. परंतु हा चित्रपट सुरुवातीला बरा चालतो, नंतर एका ठरावीक जागी कोसळतो, आणि ती जागा बोट ठेवून दाखवता येते, म्हणून हा लेखनप्रपंच. रहस्यभेद होणार आहे. ज्यांना चित्रपट पाहायचा असेल त्यांनी इथेच थांबावे.

कथा अमेरिकेच्या ओहायो राज्यातील कोलंबस शहरात घडते. स्टॅनली हिल हा नोकरी गमावलेला, साठीला आलेला गृहस्थ आहे. वाहनतळावर त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या पत्नीचा, विवियनचा, खून होतो. तो संशयिताला ओळखतो, पण पोलीस त्या संशयिताला सोडून देतात. त्यानंतर घरात बायबलचे एक पान त्याच्यासमोर उघडते. यिर्मयाच्या सहाव्या अध्यायातील परमेश्वराच्या क्रोधाने भरून गेल्याचे ते अकरावे वचन आहे आणि चित्रपटाचे नाव त्यावरूनच आले आहे. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. ट्रॅव्होल्टाचा चेहरा थकलेला दिसतो आणि तो थकवा भूमिकेला शोभतो. नोकरी नाही, पत्नी गेली, पोलीस हात झटकतात. आता हा माणूस काय करणार, आणि त्याच्याने काही होणार तरी का, अशी खरी काळजी प्रेक्षकाला वाटू लागते.

आणि मग कळते की हे गृहस्थ पूर्वी सरकारच्या गुप्त कारवायांमधले कसलेले मारेकरी होते! घरात शस्त्रे लपवलेली आहेत, आणि जुना साथीदार डेनिस गावातच केशकर्तनालय थाटून बसलेला आहे. माझ्या मते चित्रपट याच क्षणी संपतो, जरी पडद्यावर तो पुढे बराच वेळ चालू राहत असला तरी. तोवर स्टॅनलीला काय जमेल ही शंका कथेला ओढत होती. ती शंका मिटल्यावर कोण कोणत्या क्रमाने मरणार एवढाच प्रश्न उरतो, आणि त्या प्रश्नाला उत्सुकता म्हणता येत नाही.

या जातीच्या चित्रपटांचा मूळपुरुष म्हणजे १९७४ चा चार्ल्स ब्रॉन्सनचा 'डेथ विश'. त्याच्या विचारसरणीवर तेव्हाही टीका झाली होती आणि ती योग्यच होती. पण त्यातला पॉल कर्सी हा वास्तुविशारद आहे आणि कोरियाच्या युद्धात त्याने शस्त्र हाती घेण्यास नकार देऊन वैद्यकीय पथकात काम केलेले आहे. आयुष्यातला पहिला खून करून तो घरी धावत येतो आणि त्याला ओकारी होते. त्या एका प्रसंगामुळे पुढची प्रत्येक गोळी आपल्याला मोजावी लागते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ज्यांनी त्याच्या पत्नीचा जीव घेतला ते गुंड त्याला शेवटपर्यंत सापडतच नाहीत. सूडकथेत सूड पुराच होत नाही! स्टॅनलीला मात्र साखळीतला प्रत्येक दुवा हाती लागतो, थेट राज्यपालापर्यंत, आणि कोठेही त्याचा हात थरथरत नाही. ज्या सुडाची करणाऱ्याला किंमत मोजावी लागत नाही, तो पाहणाऱ्यालाही स्वस्तच वाटणार.

आपणा मंडळींचे मत काय?

निवृत्त_कारकून (इंदूर)

तुकोगंजकर, तुमचे विवेचन विद्वत्तापूर्ण आहे, पण मला वाटते तुम्ही आजाराऐवजी लक्षणाचा विचार करीत आहात. आजार साधा आहे: नटाचे वय झाले आणि निर्मात्याकडे पैसे नव्हते. ट्रॅव्होल्टाचा जन्म १९५४ चा. 'सॅटर्डे नाइट फीवर' १९७७ चा आणि 'ग्रीस' १९७८ चा. आम्ही तेव्हा तरुण होतो. त्याच्यासारखी रुंद कॉलर शिवून घेणारी मुले राजवाड्यावर संध्याकाळी हमखास दिसत. तो माणूस चालत आला तरी नाचतो आहे असे वाटे. या चित्रपटात तो धावतो तेव्हा कॅमेरा संकोचाने दुसरीकडे पाहू लागतो. शिवाय ते काळेभोर, आखून बसवल्यासारखे केस! पत्नीच्या खुनानंतरही त्यांतला एक केस इकडचा तिकडे होत नाही.

रामबागेतली (इंदूर)

काका, केसांचा मुद्दा मनोरंजक असला तरी आपण तो बाजूला ठेवू या. वयस्क नटांच्या अशा चित्रपटांची टर उडवताना थोडे जपावे असे मला वाटते. ब्रूस विलिसने २०२१ मध्ये एकापाठोपाठ एक केलेल्या स्वस्त चित्रपटांसाठी रॅझी या वर्षातल्या सर्वांत वाईट चित्रपटांना दिल्या जाणाऱ्या पुरस्कारवाल्यांनी खास त्याच्यासाठी एक वेगळा विभागच काढला होता. मार्च २०२२ मध्ये त्याच्या कुटुंबाने त्याला वाचाघात झाल्याचे आणि तो अभिनयातून निवृत्त होत असल्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांना तो विभाग रद्द करावा लागला. ट्रॅव्होल्टाच्या बाबतीत असे काही आहे असे माझे म्हणणे मुळीच नाही. एवढेच म्हणायचे आहे की चित्रपटाचे मूल्यमापन नटाच्या शरीरावरून सुरू झाले की ते तिथेच अडकते.

आणि वयच जर कारण असेल, तर 'टेकन' आला त्या २००८ साली लीयम नीसनने पंचावन्नी ओलांडली होती. त्याच्या धावण्याकडे कोणी बोट दाखवले नाही.

कात्री (इंदूर)

मी जाहिराती आणि लग्नाच्या चित्रफितींचे संकलन करून पोट भरतो, त्यामुळे काकांच्या 'पैसे नव्हते' या मुद्द्यावर थोडे लिहिण्याचा अधिकार आहे असे समजतो.

पैसे कमी असले की सर्वांत आधी वेळ कापला जातो. दिवसाला अधिक पाने चित्रित करावी लागतात. मग प्रत्येक प्रसंगाचा एक लांबचा मास्टर शॉट, दोघांचे एकेक क्लोजअप, आणि पुढे चला. बोलणाऱ्याचे बोलणे मिळते, पण ऐकणाऱ्याचा चेहरा मिळत नाही. आणि दुःख तर ऐकणाऱ्याच्याच चेहऱ्यावर असते. संकलनाच्या टेबलावर बसल्यावर असा प्रसंग ताणायला जागाच सापडत नाही. विवियनच्या मृत्यूनंतरचे प्रसंग पुन्हा पाहा. अंत्यसंस्कार, मुलगी, पोलीस ठाणे, घर, सगळे आहे, पण प्रत्येक ठिकाणी आपण वाक्य संपताक्षणी बाहेर पडतो. कोणालाही गप्प बसू दिलेले नाही. मारामारीतही तेच दिसते: ठोसा निघताना नटाचा चेहरा, ठोसा लागताना कोणाची तरी पाठ, आणि मधे इतक्या झपाट्याने तुकडे पालटतात की ती पाठ कोणाची हे पाहायला सवड मिळू नये.

म्हणून मी तुकोगंजकरांशी अर्धाच सहमत आहे. गुप्त भूतकाळाचे प्रकरण वाईट आहे, पण स्टॅनलीच्या दुःखाला मुळात वेळ मिळाला असता तर तेही चालून गेले असते.

माहिती म्हणून एक गंमत नोंदवतो. हा चित्रपट सुरुवातीला विल्यम फ्रीडकिन दिग्दर्शित करणार होता आणि प्रमुख भूमिकेत निकोलस केज असणार होता, अशी घोषणा २०१२ मध्ये झाली होती. 'द फ्रेंच कनेक्शन' आणि 'द एक्झॉर्सिस्ट' करणारा फ्रीडकिन! ते जुळले नाही आणि चित्रपट ट्रॅव्होल्टाकडे गेला. १९९७ च्या 'फेस/ऑफ'मध्ये ज्या दोघांनी एकमेकांचे चेहरे घेतले होते, त्यांच्यातच ही भूमिका फिरली.

प्रत्यक्षात दिग्दर्शन केले चक रसेलने. 'द मास्क' (१९९४) आणि 'इरेझर' (१९९६) त्याचेच. आपल्याकडे विद्युत जामवालचा हत्तींवरचा 'जंगली' (२०१९) आला तोही त्याचाच. म्हणजे माणूस नवखा नव्हता.

मांडवीकर (वडोदरा)

इंदूरकरांच्या चर्चेत वडोदऱ्याहून डोकावतो आहे. मला हा चित्रपट आवडला, असे धाडसाने लिहितो, निदान त्यातला डेनिस तरी नक्कीच आवडला. क्रिस्टोफर मेलोनीने रंगवलेला हा नाभिक, गिऱ्हाइकाच्या खुर्चीशेजारी उभा राहून जुन्या दिवसांविषयी जे बोलतो, त्यात दीड तासातला सगळा जिवंतपणा आहे. आपण वाईट चित्रपटात आहोत हे त्याला कळलेले आहे आणि त्यामुळे त्याचे काहीही बिघडलेले नाही, असा त्याचा आविर्भाव असतो. ट्रॅव्होल्टा मात्र शोकनाट्यात आहे. एकाच पडद्यावर दोघे दोन वेगळ्या चित्रपटांत काम करीत आहेत, हे खरे तर दिग्दर्शकाचे अपयश म्हणायला हवे, पण माझी त्यातून करमणूक झाली.

दुसरा मुद्दा धंद्याचा. मी पूर्वी मांडवीजवळ व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी चालवत असे. गिऱ्हाईक कपाटासमोर उभे राहायचे, कव्हरवरचा चेहरा ओळखायचे आणि कॅसेट उचलायचे. मागची माहिती वाचणारा विरळाच. कव्हरवर ओळखीचा चेहरा, हातात पिस्तूल, मागे आग किंवा हेलिकॉप्टर. हेलिकॉप्टर चित्रपटात असलेच पाहिजे असा कोणाचा आग्रह नसे. आज कपाटाच्या जागी दूरचित्रवाणीच्या पडद्यावरच्या चौकटी आल्या, पण बोट तसेच फिरते आणि ओळखीच्या चेहऱ्यावर तसेच थांबते. असे चित्रपट तयार होण्याआधीच नटाच्या नावावर देशोदेशीच्या वितरकांना विकता येतात. मग काही थोड्या चित्रपटगृहांत आणि त्याच सुमारास घरोघरी मागणीनुसार, असे प्रदर्शन करून टाकतात. ज्याला आपण चित्रपटाची निराशा म्हणतो, ती विक्री पूर्ण झाल्यानंतरची गोष्ट आहे. विकणाऱ्याची निराशा झालेली नाही.

तुकोगंजकर (इंदूर)

मांडवीकर, धंद्याचे गणित पटले. पण त्यातूनच माझा प्रश्न अधिक टोकदार होतो. नाव विकून पैसे उभे राहिले, ठीक आहे. पटकथा लिहिताना एखादी कल्पना चांगली निवडायची की वाईट, याला पैसे सारखेच लागतात. 'हा माणूस पूर्वी मारेकरी होता' हे वाक्य लिहिण्याऐवजी 'या माणसाला बंदूक धरता येत नाही' हे वाक्य लिहिले असते तर खर्च वाढला नसता.

याचा पुरावा म्हणून 'ब्लू रुइन' (२०१३) पाहावा. दिग्दर्शक जेरेमी सॉल्निये, आणि छायाचित्रणही त्याचेच. पैशांचा काही भाग किकस्टार्टरवर लोकांकडून वर्गणीने जमवलेला. नायक मेकन ब्लेअर, ज्याला तोवर कोणी ओळखत नव्हते. म्हणजे विकायला चेहरा नाही आणि खिशात पैसाही नाही. त्यातला नायक आईवडिलांच्या खुनाचा सूड घ्यायला निघतो आणि प्रत्येक पायरीवर चुकतो. पायात बाण घुसतो तेव्हा तो दुकानातून साहित्य आणून स्वतःच तो काढायला बसतो, जसे चित्रपटांतले शूर पुरुष दातात चामडे धरून करतात. त्याला ते जमत नाही. पुढच्याच दृश्यात तो रुग्णालयात पोहोचलेला असतो. मला त्या ठिकाणी हसू आले आणि लगेच पोटात गोळाही आला. हा प्रसंग चित्रित करायला किती खर्च आला असेल? स्टॅनलीच्या एका गोळीबारापेक्षा नक्कीच कमी.

निवृत्त_कारकून (इंदूर)

मान्य करतो की पैशाचा मुद्दा लंगडा पडला. पण तुमच्या उदाहरणात प्रसिद्ध नट नाही, आणि इथे तर तोच प्रश्न आहे. मोठे नाव आणि लहान चित्रपट यांची मोट बांधली की नावच जड होते. मराठी रंगभूमीवर आपण हे किती वेळा पाहिले आहे! सानंद या इंदूरच्या संस्थेच्या नाट्यप्रयोगांना नियमित जाणाऱ्याला विचारा. एके काळचा गाजलेला नट प्रवेश करतो, प्रेक्षागृह टाळ्यांनी दणाणते, पण एंट्रीची टाळी दुसऱ्या अंकापर्यंत पुरत नाही. नाटक कच्चे असेल तर मध्यंतरानंतर लोक घड्याळाकडे पाहू लागतात, आणि नटाविषयीचा आदर कायम असल्यामुळे उठूनही जात नाहीत. ती अवस्था अधिक वाईट.

कात्री (इंदूर)

काका, एके काळचा नामवंत नट, बेताचा खर्च आणि सूडकथा या तिन्ही अटी पाळून केलेला उत्तम चित्रपट आहे: स्टीव्हन सोडरबर्गचा 'द लायमी' (१९९९). टेरेन्स स्टॅम्प हा १९६० च्या दशकातला इंग्लंडचा देखणा तारा. यात तो तुरुंगातून सुटलेला वयस्क चोर आहे आणि मुलीच्या मृत्यूचा छडा लावायला लॉस एंजेलिसला येतो. नायकाच्या तरुणपणीच्या आठवणी दाखवायच्या होत्या, तेव्हा सोडरबर्गने स्टॅम्पच्याच १९६७ च्या 'पुअर काउ' या केन लोचच्या चित्रपटातले तुकडे वापरले. नटाचे वय लपवायचे सोडून त्याने तेच कथेत आणले. पडद्यावर पांढऱ्या केसांचा माणूस विमानात बसला आहे आणि मधेच तोच माणूस तिशीच्या आतला, हसताना, गिटार वाजवताना दिसतो. कोणताही संवाद न घालता एक आयुष्य वाया गेल्याचे कळते.

आणि समोर खलनायक कोण? पीटर फोंडा, म्हणजे त्याच दशकाचा अमेरिकी तारा. दोन मावळते तारे एकमेकांसमोर. स्टॅम्पच्या पात्राला शेवटी कळते की मुलीने जे केले आणि ज्यामुळे तिचा जीव गेला, ते ती लहानपणी त्याच्याशीही करीत असे: वाईट कामापासून रोखण्यासाठी पोलिसांना बोलावण्याची धमकी देणे. ते ऐकून तो समोरच्याला जिवंत सोडून निघून जातो.

ट्रॅव्होल्टाच्या तरुणपणाची तर जगातल्या अर्ध्या लोकांना आठवण आहे. 'आय ॲम रॅथ'ने त्या आठवणीचा उपयोग फक्त फलकासाठी केला.

रामबागेतली (इंदूर)

आता मला ज्या गोष्टीचा खरा राग आला ती लिहिते. विवियनची भूमिका रिबेका डी मॉर्नेने केली आहे. 'रिस्की बिझनेस' (१९८३) आणि 'द हँड दॅट रॉक्स द क्रेडल' (१९९२) ज्यांना आठवत असतील त्यांना ती कोण हे सांगायला नको. म्हणजे या चित्रपटात एके काळची दोन मोठी नावे होती. एकाला फलक मिळाला आणि दुसरीला मरण.

आणि मेलेली कोण आहे ते तरी पाहा. पुढे उलगडते की विवियनचा खून ही साधी लूटमार नव्हती. राज्यपालाच्या आवडत्या जलवाहिनी प्रकल्पाची तपासणी तिच्याकडे होती आणि पाणी विषारी असल्याचे तिच्या हाती लागले होते. संपूर्ण चित्रपटात धोका पत्करून काहीतरी महत्त्वाचे करणारी व्यक्ती तीच होती! तिने काय पाहिले, तिला कोण भेटले, दडपण आल्यावर ती घरी येऊन नवऱ्याशी काय बोलली आणि काय बोलली नाही, हे सारे आपल्याला दोन-चार संवादांत उरकून सांगितले जाते, जेणेकरून नवऱ्याला लवकर बंदूक उचलता यावी.

हे वाया जाणे किती मोठे आहे पाहा. चित्रपट आला त्याच २०१६ च्या जानेवारीत शेजारच्या मिशिगन राज्यातील फ्लिंट शहरात दूषित पाण्यासाठी आणीबाणी जाहीर झाली होती. एप्रिल २०१४ मध्ये शहराचा पुरवठा नदीच्या पाण्यावर वळवला गेला आणि जुन्या नळांतले शिसे घराघरांत पोहोचले. लोक गढूळ पाण्याच्या बाटल्या भरून सभांना नेत होते आणि अधिकारी पाणी उत्तम असल्याचे सांगत होते. योगायोगाने का होईना, लेखकाच्या हाती जळता विषय आला होता. नर्मदेचे पाणी जलूदहून घाट चढून १९७८ मध्ये इंदुरात आले, त्यासाठी १९७० मध्ये मोठे आंदोलन झाले, हे आपल्या घरांतून अजून सांगितले जाते. नळाला येणाऱ्या पाण्यावर कोणीतरी खोटी सही करतो आहे, ही कल्पना आपल्याकडच्या कोणत्याही गृहिणीला राज्यपालाच्या बंगल्यावरच्या गोळीबारापेक्षा अधिक भयंकर वाटेल.

स्टॅनलीला मारेकरी बनवण्याऐवजी त्याच्या हाती पत्नीचा तो अहवाल दिला असता आणि त्याला तो वाचताही येत नाही असे दाखवले असते, तर मी शेवटपर्यंत जागची हलले नसते.

मांडवीकर (वडोदरा)

ताई, तुमचा चित्रपट मी पाहीन, पण माझ्या लायब्ररीत तो कोणी नेला नसता. कव्हरवर अहवाल घेतलेला माणूस!

रामबागेतली (इंदूर)

कव्हरवर तुम्ही खुशाल हेलिकॉप्टर टाका. आतला चित्रपट मला द्या.

ग्वाल्हेरचा_वाचक (ग्वाल्हेर)

सर्व प्रतिसाद वाचले. तुकोगंजकरांच्या मूळ मुद्द्यावर एक शंका आहे. गुप्त भूतकाळ हाच जर दोष असेल, तर 'जॉन विक' (२०१४) का चालला? तिथेही नायक निवृत्त मारेकरी आहे, त्याची शस्त्रे घराच्या फरशीखाली पुरलेली आहेत, पत्नी गेलेली आहे, आणि तोही कोणालाच हार जात नाही. शंकेला तिथेही जागा नाही. तरी ते पाहताना आपल्याला कंटाळा येत नाही. की चांगल्या मारामारीमुळे आपण तो दोष पोटात घालतो आणि ट्रॅव्होल्टाला मात्र धारेवर धरतो?

याच्या उलट, आपल्याकडचा श्रीराम राघवन यांचा 'बदलापूर' (२०१५) घ्या. तिथे सूड घेणारा साधा माणूस आहे, पंधरा वर्षे वाट पाहतो, आणि शेवटी ज्याच्यावर सूड घ्यायचा तोच त्याचे गुन्हे अंगावर घेतो. तिथे तुमचा किमतीचा नियम लागू पडतो हे मान्य. पण 'जॉन विक'ला तो लागू पडत नाही, असे मला वाटते.

तुकोगंजकर (इंदूर)

प्रश्न चांगला आहे आणि त्याने मला माझा मुद्दा नीट मांडावा लागतो आहे.

'जॉन विक'मध्ये भूतकाळ कथेची पळवाट म्हणून येत नाही. तो कोण आहे हे आपल्याला कळण्याआधी त्या जगातल्या सर्वांना ठाऊक आहे. गुंडांचा म्होरक्या एका माणसाला दूरध्वनी करून विचारतो की माझ्या मुलावर हात का टाकलास. तो सांगतो की तुमच्या मुलाने जॉन विकची गाडी चोरली आणि त्याचा कुत्रा मारला. त्यावर म्होरक्याच्या तोंडून फक्त 'ओह' एवढेच निघते. त्या एका उद्गारात नायकाचा सारा इतिहास येतो. स्टॅनलीच्या बाबतीत पटकथेने आधी आपल्याला एका सामान्य, हतबल माणसाची कथा सांगायचे कबूल केले आणि मग तो करार मोडला. त्याच्या भूतकाळाला कोणी घाबरत नाही, कोणाला तो ठाऊक नाही, त्याचे घरातल्या माणसांवर काही ओझे दिसत नाही. विवियनला नवऱ्याविषयी हे माहीत होते का? असेल तर इतकी वर्षे त्या घरात काय वातावरण असेल? नसेल तर हे लग्न कसले? चित्रपटाला हे प्रश्न पडतच नाहीत.

दुसरी गोष्ट कात्री यांनी सांगितलेलीच आहे: वेळ. 'जॉन विक'मध्ये पत्नीचा अंत्यविधी होतो, रात्री तिने मरणापूर्वी पाठवण्याची व्यवस्था केलेले कुत्र्याचे पिल्लू दारात येते, सकाळी ते त्याला उठवते, आणि तो त्याला आपल्याच वाडग्यातले खाणे देतो कारण घरात दुसरे काही नसते. मारामारी सुरू होण्यापूर्वी हे सारे आपण शांतपणे पाहतो. पुढे माणसे मरतात तेव्हा ते पिल्लू आपल्या डोक्यातून गेलेले नसते.

तेव्हा कात्रींचे 'अर्धा सहमत' मी पाऊण करून घेतो, हरकत नसावी.

कात्री (इंदूर)

हरकत नाही. पाऊणच्या वर मात्र जाणार नाही, कारण फ्रीडकिनने हीच पटकथा, हाच गुप्त भूतकाळ घेऊन चित्रपट केला असता तर तो पाहण्यासारखा झाला असता असे माझे ठाम मत आहे. 'द फ्रेंच कनेक्शन'चा नायकही क्रूर आणि अट्टल आहे. त्याच्याविषयी सहानुभूती वाटावी असे तिथे काही नाही, आणि तरी आपण त्याच्या मागे धावतो. त्या गाडीच्या पाठलागात रस्त्यावरची प्रत्येक धडक आपल्या हाडाला लागते. पटकथेतली खोट दिग्दर्शकाला झाकता येते, पण त्यासाठी हाती वेळ लागतो, आणि तो इथे मिळाला नाही.

निवृत्त_कारकून (इंदूर)

मी शनिवारी 'द लायमी' पाहतो आणि इथे लिहितो. हिंदीत उपलब्ध आहे का? सौ.ना इंग्रजी उच्चार नीट कळत नाहीत, आणि लंडनच्या चोराचे तर मलाही कळणार नाहीत.

कात्री (इंदूर)

काका, हिंदीत कशाला शोधता? इंग्रजी अक्षरपट्टी लावून पाहा. त्यातल्या एका प्रसंगात तो अमेरिकी अधिकाऱ्यासमोर त्याच्या गल्लीतल्या बोलीत इतके भडाभडा बोलतो की त्या अधिकाऱ्यालाही एक अक्षर कळत नाही. तेव्हा तुम्ही एकटे नसाल.